धुतलेला नमुना

तुम्ही खोटे बोललात. घाईत नाही, चुकून नाही. टाईप करून, शिक्का मारून बोललात. एकदा नाही, दोनदा. आणि दुसऱ्यांदा पहिल्याच्या बरोब्बर उलट.

पहिल्यांदा बोललात ते तांब्याची सरकारी गिरणी बंद केलीत तेव्हा. खडक दळायचा, फेसावर तांबे वर काढायचे आणि उरलेली करडी वाळू वसाहतीच्या उशाशी ओतायची, हे तुम्ही चाळीस वर्षे केलेत. वाळूचा डोंगर झाला. मग एक दिवस कुलूप लावलेत आणि कामगारांना राहती घरे नावावर करून देताना शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या घराच्या कागदात एक ओळ घातलीत : ‘मागील निरुपयोगी वाळूच्या ढिगासह. ढिगाची व त्याच्या धुळीची जबाबदारी घेणाऱ्याची.’ त्या घरातल्या माणसाने सही केली, कारण त्याला डोक्यावर छप्पर हवे होते. वारा सुटला की तुमची निरुपयोगी वाळू त्याच्या पिण्याच्या पाण्यात, अंथरुणात, मुलांच्या डोळ्यांत. त्याने अकरा अर्ज केले. तुम्ही एकाला उत्तर दिलेत : ढीग आपला आहे, आपणच पाहावे.

तो माणूस गेला. त्याच्या मुलीने पाहिले. चाळीस वर्षांत तुमच्या एकाही साहेबाने पाहिले नव्हते एवढ्या बारकाईने पाहिले. त्या वाळूत टंगस्टनचे कण आहेत; बल्बच्या तारेत असतो, पोलाद कापणाऱ्या हत्यारांच्या टोकाला लागतो तो धातू. तांब्याच्या नादात तुम्ही तो फेकून दिला होता. तीन वर्षे ती बाई वाळू धुते आहे, कण काढते आहे, धुतलेली वाळू खड्ड्यात भरून वर माती घालून गवत लावते आहे. आणि आता तुमची नोटीस आली : ‘सदर ढीग हा मौल्यवान खनिजसाठा असल्याचे आढळून आल्याने काम तत्काळ थांबवावे. गुरुवारी दुपारी तीन वाजता निरीक्षक शेडला सील लावतील.’

धूळ होती तोवर त्यांची. धातू निघाला तशी तुमची. हे ज्याने सही करून पाठवले, त्याला तो गुरुवार मी सांगणार आहे. बसा आणि ऐका.

गुरुवारी सकाळी घरातली पाचही माणसे शेडमध्ये जमली. या कुटुंबात भांडायचे ते शेडमध्येच. घरात आत्याचे शिवणकाम पसरलेले असते, आणि पांढऱ्या कापडाजवळ कोणी आवाज चढवलेला तिला चालत नाही, जणू आवाजाचा डाग पडणार आहे.

शेड पत्र्याची, लांबट, जुन्या गिरणीच्या तुळया जोडून उभी केलेली. एका टोकाला मुळ्या आणि प्लॅस्टिक अडवणारी चाळण, मग घसरगुंडीसारखी गोल गोल उतरणारी पन्हळ, आणि मधोमध हलते टेबल. टेबल एका अंगाला हळूच सरकते आणि झटक्याने परत येते. वरून पाण्याचा पातळ पडदा. हलकी वाळू पाण्याबरोबर खाली निघून जाते, जड कण खाचांना धरून पुढे सरकतात, आणि शेवटी टोकाशी सायीच्या रंगाचा एक पट्टा उमटतो. बोटभर रुंद. त्या पट्ट्यासाठी सगळा खटाटोप.

ताई, म्हणजे वाळू धुणारी ती मुलगी, टेबलाशेजारी स्टुलावर बसली होती. शाळेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे तिने परीक्षानळ्या धुतल्या, आणि धुता धुता समोर जे शिकवले जात होते ते सगळे ऐकून ठेवले. नोटीस तिच्या मांडीवर होती. तरी टेबलाच्या खडखडाटाने तिला बरे वाटत होते. पट्टा आज सरळ पडला होता. असा सरळ पट्टा पडला की तिला दिवसभर भूक चांगली लागायची.

“चालूच ठेवलंयस?” फिटर आत येत म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ; वेल्डिंग करतो, पाइप जोडतो, आणि घरातही त्याला फिटरच म्हणतात. “नोटिशीत तत्काळ लिहिलंय.”

“सील तीनला लावणार ना? मग तीनपर्यंत तत्काळ नाही.”

“बंद कर गं ते,” आत्या म्हणाली. “माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नाही.”

“तुझं आम्हाला येतं,” तात्या म्हणाले. तात्या म्हणजे आत्याचे मोठे भाऊ, ताईचे काका. गिरणीत एकतीस वर्षे माल धुऊन, वाळवून पोत्यात भरणाऱ्या खात्याचे मुकादम. पोते फाटकाबाहेर जायच्या आधी त्यात हात घालून बघायचा मान त्यांचा. शेडमध्येही शेवटचे काम तेच करतात : टेबलावरून उतरलेला माल पसरट लोखंडी थाळ्यात घेऊन हाताने दोन पाण्यांत काढायचा. दोन पाणी काढल्याशिवाय या घरातून चिमूटभर काही बाहेर जात नाही.

ताईने बटण दाबले. टेबल थांबले. सगळ्यांना एकदम आपण फार मोठ्याने बोलतोय असे वाटले.

“आता ऐका,” ती म्हणाली. “सील लागलं तर नुसतं काम थांबत नाही. दक्षिणेकडची कड आपण मागच्या महिन्यात उघडली. वरचा कडक थर काढलाय, आत सगळी मऊ वाळू आहे. पंधरा दिवसांत वाऱ्याचे दिवस सुरू होतील. अर्धी कापलेली कड तशीच राहिली तर ती वाळू थेट घरांवर. आपल्या एकट्याच्या नाही, चारही रांगांवर.”

“माझ्या पांढऱ्यावर,” आत्या म्हणाली.

“तुझ्या पांढऱ्यावर. म्हणून मला हा आकडा कळल्याशिवाय साहेबासमोर उभं राहायचं नाही. नोटिशीत लिहिलंय, नमुन्यात शेकड्याला दोन टंगस्टन. आपल्या ढिगात हजारात एक आहे. तेही चांगल्या भागात. वीसपट कुठून आलं?”

“तुझं टेबल अर्धा माल खाली सोडतं, तिथून,” फिटर म्हणाला. “मी कधीपासून सांगतोय.”

“टेबल बसवलं कोणी?”

“बसवलं मी. चालवतेस तू.”

“उतार दिलास तू!”

“अरे, आकड्याचं बोला,” वहिनी म्हणाली. ही फिटरची बायको. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, आणि घरात अक्षर तिचेच वाचता येते म्हणून शेडचे सगळे कागद तिच्याकडे. “आकडा चुकीचा असेल तर नोटीसही चुकीची. बरोबर असेल तर आपण तीन वर्षं काय माशा मारत होतो का?”

फिटर पान्हा घेऊन पंपाचा बोल्ट आवळू लागला. त्याला आकडा चुकीचा नको होता.

परवा चौकातल्या चहाच्या दुकानात त्याला कंपनीचा माणूस भेटला होता. चकचकीत बूट, खांद्यावर कातड्याची बॅग, बोलायला गोड. दोन टक्के म्हणजे खाणच म्हणा, तो म्हणाला होता. साठ्याचा लिलाव होईल, आम्ही घेऊ, या तुमच्या शेडएवढं एकेक यंत्र येईल. दुरुस्तीच्या खात्याला मुख्य लागेल. तुम्ही याल का? फिटरने चहा संपवला होता, पण कप खाली ठेवायचे विसरला होता. तीन वर्षे तो सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून पंपाची गळती थांबवत होता. रोज सकाळी तोच पंप, तीच गळती, तेच गुडघ्यावर बसणे. आपली कार्यशाळा असावी, भिंतीवर पान्हे मापाने टांगलेले असावेत, आणि एखादा भाग मोडला तर नवा मागवता यावा. यात काय चुकले? ज्यांनी आयुष्यात एकही पान्हा हातात धरला नाही, त्यांनी त्याला लोभी म्हणू नये.

“मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “समजा, आकडा खरा असला. तर काय वाईट? कंपनी येईल. आपण कितीही केलं तरी दिवसाला चार गाड्या वाळू धुतो. ते तासाला धुतील.”

“कुठली कंपनी?” वहिनीने विचारले.

“कुठलीही. येतातच की.”

“तुम्हाला कोणी भेटलंय.”

“असं कधी म्हणालो मी?”

“परवा तुम्ही वॉशर आणायला गेला होतात.”

“आणले ना वॉशर.”

“दोन वॉशर आणायला चार तास? मला वाटलं, घडवून आणताय.”

आत्या हसली, पण तिने बाजू मात्र भाच्याची घेतली. “जाऊ दे गं, त्याचं काय चुकलं? येऊ दे कंपनी. सकाळी सातपासून खडखड खडखड. माझ्या सुईला झटका बसतो. काल एका शर्टाला तीन बाह्या लागणार होत्या.”

“कंपनी आली तर खडखड कमी होईल असं वाटतं तुला?” ताई म्हणाली.

“लांब असेल ना ती. कंपनी म्हणजे लांबच असते.”

“ढीग कुठे आहे आत्या? इथेच ना? मग कंपनी कुठे येईल?”

आत्याने भाच्याकडे बघितले. “का रे? इथेच येणार?”

“इथेच,” फिटर नाइलाजाने म्हणाला. “आधी गवत लावलेली बाजू उकरतील. धुतलेल्या वाळूतही थोडं उरलंय, म्हणतो तो.”

“म्हणतो तो!” वहिनी म्हणाली. “म्हणजे भेटलाच.”

पण आत्याचे लक्ष तिच्याकडे नव्हते. ती गवताच्या बाजूचा विचार करत होती. लग्नानंतर चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली, तेव्हापासून तिने फक्त गडद कपडे शिवायला घेतले होते. पांढरे कापड दुपारपर्यंत करडे व्हायचे. गेल्या वर्षी त्या बाजूला गवताने मूळ धरले, आणि तिने दारावरच्या पाटीत एक ओळ वाढवली : पांढरे कपडेही शिवून मिळतील. आता दवाखान्यातल्या सगळ्या डॉक्टरांचे कोट तिच्याकडे असतात. सकाळी दोरीवर वीस-वीस कोट वाळत घालून ती दाराशी उभी राहते आणि नुसती बघते.

“गवताला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “खडखड राहू दे. मी कानात कापूस घालीन.”

“आत्या, आत्ता तर तू—”

“आत्ता म्हणजे मघाशी.”

तात्यांना या सगळ्याचा कंटाळा आला होता. पोते कोणाचे, ढीग कोणाचा, हे त्यांनी कधीच विचारले नाही. माल साफ आहे का, एवढेच विचारायचे असते. ते थाळ्यापाशी बसून कालचा उरलेला मूठभर माल पाण्यात फिरवत होते. मनगट आपोआप फिरत होते. वाळूची करडी शेपटी लांब लांब होत कडेवरून ओघळत होती आणि मागे पांढुरका जडपणा बसत होता.

“नमुना घेतला कोणी?” ताई विचारत होती. “परवानगी वाढवून मिळायच्या अर्जाबरोबर पिशवी गेली ना, तिच्यात वाळू मीच भरली. चार ठिकाणची घेतली, मिसळली, दोन किलोची पिशवी, कच्ची वाळू. मग मी ती वहिनीकडे दिली.”

“आणि मी व्हरांड्यात ठेवली,” वहिनी म्हणाली. “त्या आठवड्यात माझी रजा नव्हती. चार दिवसांनी नेऊन दिली. पिशवीला मी बोटही लावलं नाही.”

“कार्यालयात कोणीतरी बदलली असेल,” फिटर म्हणाला. “त्यांचा भरवसा नाही.”

“त्यांनी ती उघडली तरी असेल का, इथून शंका आहे,” आत्या म्हणाली.

“उघडली असेल तर साफच निघाली असेल,” तात्या मान वर न करता म्हणाले.

ताई स्टुलावर त्यांच्याकडे वळली.

“म्हणजे?” ताईने विचारले.

“म्हणजे काय म्हणजे? तुम्हा आजच्या लोकांना कामाची काही रीतच नाही. सरकारी कार्यालयात पाठवायचं, वर आपला पत्ता, आणि आत काय? चिखल! काड्या! मी पिशवी उघडली आणि मला लाज वाटली. आपल्या घरातून असला माल बाहेर गेलाय कधी? मी दोन पाणी काढली.”

ताईने दोन्ही हातांनी स्टूल धरले. “तात्या. तुम्ही नमुना धुतलात?”

“धुतला. चांगला धुतला.”

“पण धुतल्यावर मूठभर राहिला असेल. पिशवी तर भरलेली गेली.”

“भरलेली कशी जाईल आपोआप?” तात्या चिडले. “अर्धी पिशवी पाठवू का? लोक म्हणतील, मापात खोट आहे. ढिगावरून आणखी आणली, ती धुतली, तीही पुरेना, मग आणखी. दोन घमेली वाळू उपसली मी त्या एका पिशवीसाठी. चार दिवस कंबर धरली होती. तुम्ही विचारलंत का एकाने, तात्या, कंबरेला काय झालं?”

आत्या आधी हसली. मग वहिनी. ताईने तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलायला लागले, आणि मग फिटरसुद्धा पंपावर डोके टेकून हसू लागला. त्याची कार्यशाळा, मापाने टांगलेले पान्हे, सगळे त्या दोन घमेल्यांतून कडेवरून ओघळून गेले होते. तरी हसू आवरत नव्हते.

“यात हसायचं काय?” तात्यांनी विचारले. “मी चुकलो का?”

“नाही तात्या,” ताई डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही आमच्या ढिगाची खाण केलीत. चार दिवसांत. एकट्याने.”

तिने त्यांना समजावून सांगितले. नमुना म्हणजे विकायचा माल नाही. जसा आहे तसा दाखवायचा असतो, काड्यांसकट. तात्या ऐकत राहिले. त्यांचे मनगट थांबले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पोते परत आले नव्हते. पहिले परत आले ते नोटीस होऊन.

“मग मी सांगतो साहेबाला,” ते म्हणाले.

“तुम्ही काही सांगायचं नाही,” फिटर पटकन म्हणाला. आता त्याच्या आवाजात कंपनी नव्हती. “हिने सही केलीय. फॉर्मवर. काय लिहिलं होतं गं त्यात?”

वहिनीला ते पाठ होते. दिवसभर लोकांचे फॉर्म भरून घेणाऱ्या बाईला स्वतः सही केलेली ओळ विसरता येत नाही. “सोबतचा नमुना घेतला तसाच, कोणतीही प्रक्रिया न करता सादर केला आहे. खोटे आढळल्यास दंड अथवा कैद.”

पत्र्यावर काहीतरी टक्कन वाजले. उन्हाने पत्रा ताणला की वाजतो तसे.

“गप्प बसायचं,” फिटर म्हणाला. “सील लावतात तर लावू देत. कड मी ताडपत्रीने झाकतो. गेलं टेबल तर गेलं. हिच्या सहीपेक्षा मोठं नाही.”

“साठ फूट कड ताडपत्रीने झाकणार?” वहिनीने विचारले.

“शिवून देईन मी,” आत्या म्हणाली. तिला ते खरेच जमले असते.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिले. लग्न होऊन अकरा वर्षे झाली. या माणसाने तिच्यासाठी काही सोडून दिलेले तिने पहिल्यांदाच बघितले होते, तेही सगळ्यांसमोर, हातात पान्हा धरून. तिला फार बरे वाटले. आणि म्हणूनच तिचे नक्की झाले.

“मी रोज खिडकीवर बसते,” ती म्हणाली. “लोक वय चुकीचं सांगतात, पत्ता चुकीचा सांगतात. नंतर येऊन म्हणतात, ताई, चुकलं, दुरुस्त करा. मी काय त्यांना पोलिसात देते? खोडते, शेजारी बरोबर लिहिते, सही घेते. इथेही तेच करायचं. माझ्या सहीवर चुकीचं गेलं. मीच सांगणार.”

“आणि त्यांनी ऐकलं नाही तर?”

“मग तुम्ही डबा घेऊन या भेटायला. वॉशर आणायला जाऊ नका वाटेत.”

साहेब तीन वाजायला पाच मिनिटे असताना आला. स्कूटर उभी केली, हेल्मेट काढले, बूट वाळूत रुतला तो झटकला. तिशीच्या आतला, सरळ चेहऱ्याचा माणूस. हातात लाखेची डबी, दोरा आणि शिक्का. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याला पाठवणाऱ्यांवर आहे. ते कधी स्कूटरवरून येत नाहीत.

“सील लावण्यापूर्वी एक दुरुस्ती आहे,” वहिनी म्हणाली, आणि तिने एका दमात सगळे सांगितले. पिशवी, व्हरांडा, चार दिवस, दोन घमेली.

साहेबाने लाखेची डबी टेबलाच्या कडेवर ठेवली. “नमुन्यात फेरफार हा गुन्हा आहे. माहीत आहे ना?”

“फेरफार नाही केला,” तात्या म्हणाले. “साफ केला.”

“तेच ते.”

“साफ करणं गुन्हा आहे?”

साहेबाने उत्तरासाठी ताईकडे पाहिले. तिने त्याच्या हातात रिकामे घमेले दिले. “चला. तुम्हीच भरा. कुठूनही. आमचा हात नको लागायला.”

तो नाइलाजाने ढिगावर चढला. तीन ठिकाणची वाळू घेतली, खाली येईपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आत्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सवयीने कॉलर पाहिली. “शिलाई उसवलीय. जाताना द्या, दोन टाके घालते.”

“नको, नको,” तो म्हणाला, पण कॉलरला हात लावून बघितला.

शेडच्या कोपऱ्यात आत्याने शिवलेला काळा जाड पडदा होता आणि आत जांभळा दिवा. टंगस्टनचे हे पांढरे कण त्या दिव्याखाली निळे पेटतात, बाकी वाळू अंधारीच राहते. ताईने त्याच्याच घमेल्यातली कच्ची वाळू एका ताटलीत पसरली आणि त्याला डोके पडद्यात घालायला सांगितले.

“काय दिसतं?”

“दोन... तीन ठिपके.” पडद्यातून आवाज आला. “चौथा आहे की नाही, सांगता येत नाही.”

“बाहेर या. आता तात्या, तुम्ही.”

तात्यांनी तीच वाळू थाळ्यात घेतली. मनगट फिरू लागले. पहिले पाणी. करडी शेपटी ओघळली. दुसरे पाणी. साहेब वाकून बघत होता. कार्यालयात त्याने टंगस्टनचा आकडा शेकडो वेळा लिहिला होता, पण वाळू अशी आपली आपण वेगळी होताना त्याने कधी पाहिली नव्हती. तात्यांनी उरलेला घोट ताटलीत उतरवला. साहेबाने पुन्हा डोके आत घातले, आणि बराच वेळ बाहेरच काढले नाही.

“झोपलात का?” फिटरने विचारले.

“नाही,” आतून आवाज आला. “खूप आहेत. चांदण्यांसारखे.”

तात्यांची छाती वर आली. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा.

“तुमच्या प्रयोगशाळेत एकालाही शंका आली नाही?” तो बाहेर आल्यावर ताईने विचारले. “ढिगाची वाळू करडी असते. पिशवीतली सायीसारखी. ढीग बघायला कोणी आलं होतं?”

“टेबलावर नमुना येतो,” तो म्हणाला. “ढीग येत नाही.” म्हणून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते बरे वाटले नाही. “हे बघा, नियम सरळ आहे. शेकड्याला अर्ध्याच्या वर असेल तर खनिज. खाली असेल तर टाकाऊ.”

“आणि ही किती? अंदाजाने?”

“हजारात एक. फार तर.”

“म्हणजे टाकाऊ.”

“माझ्या मते, टाकाऊ.”

“मग नोटीस गेली,” आत्या म्हणाली.

“नाही, नोटीस मी काढलेली नाही ना. मी कच्चा नमुना स्वतः घेतला, असं लिहितो. बाईंचं दुरुस्तीपत्र जोडतो. आपणहून सांगितलं, हेही लिहितो. आपणहून सांगितलं की सहसा पुढे काही होत नाही.” फिटरने पान्हा खाली ठेवला. “हे सगळं वर पाठवतो. वरून उत्तर येईल. तोपर्यंत...” त्याने लाखेच्या डबीकडे पाहिले. उघडली मात्र नाही. “तोपर्यंत बघू.”

“वरून म्हणजे किती दिवस?”

“महिना. दोन महिने. सांगता येत नाही.”

ताई उठून दारापाशी गेली. तिथून दक्षिणेची कड दिसत होती, नुकताच घास काढल्यासारखी कापलेली, मऊ, कोरडी. तिच्या पायथ्याशी चार रांगा घरे. आत्याच्या दोरीवर कोट वाळत होते, एका ओळीत, स्वच्छ. ताईला हे सगळे आवडत होते : ही कड, हे टेबल, मागे कुजबुजत भांडणारी ही माणसे. तिला आणखी काही नको होते. एवढेच उद्याही हवे होते.

“साहेब,” ती वळून म्हणाली, “माझ्या वडिलांनी अकरा अर्ज केले. वरून आमच्याकडे आजवर धूळच आली. तुम्ही वर चढलात, वाळू भरलीत, डोळ्यांनी बघितलंत. तुमच्याइतकं या ढिगाबद्दल त्या कार्यालयात कोणालाच माहीत नाही. कड उघडी आहे आणि वारा तुमच्या कागदासाठी थांबणार नाही. उद्या सकाळी सात वाजता हा पंप चालू करायचा आहे. बघतो म्हणू नका, कळवतो म्हणू नका. करू की नको? हो की नाही, एवढंच, आणि आत्ता, या नोटिशीच्या मागे, तुमच्या हाताने लिहून द्या.”